नागसेनमामांचा आंबा

मुरुम,
११ फेब्रुवारी २०२४

चैताली,
जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर तू काय बोलतेस ते मला आता धड ऐकू येत नाही, आणि कानात यंत्र घातलं की तुझ्या आवाजाऐवजी अख्ख्या गल्लीचे कुकर ऐकू येतात. माझा सुगत पुण्याहून सांगतो, व्हॉट्सॲपवर लिही. पण त्या काचेवर माझं बोट एकीकडं टेकतं आणि अक्षर दुसरंच उमटतं. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, ते आता स्वतःच्या कामी येऊ दे म्हटलं.

काम तुझ्याच अभ्यासातलं आहे. तुझ्या मामांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, जागेवरचं झाड पुन्हा वाळायला लागलंय.

मामा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू होतीस, त्यामुळे तुला आठवत असेल. राख नदीत सोडायची नाही, आपल्या शेतात खड्डा घ्यायचा, त्यात राख टाकायची आणि वर झाड लावायचं, हे मी सगळ्या भावकीसमोर सांगितलं होतं. कुणाला पटलं, कुणी तोंड वाकडं केलं. आंबा लावायचा हे मात्र मामांचं. दवाखान्यात म्हणाले होते, "झाड असं लाव की पोरांनी दगड मारले पाहिजेत." तो पहिला आंबा त्याच उन्हाळ्यात वाळला. तेव्हा अर्धी राख मी घरीच कळशीत ठेवलेली होती, मन होत नव्हतं. मग मला वाटलं, आपण हात आखडता घेतला म्हणून झाड रुसलं. पाऊस पडल्यावर तीही त्याच खड्ड्यात टाकली आणि दुसरा आंबा लावला.

आता त्याचंही तेच चाललंय. पानांची टोकं आधी तपकिरी होतात, मग कडा करपतात, मग पान गळतं. वाळवी नाही, कीड नाही. बोटानं उकरलं तर माती चांगली ओली लागते. पाण्याची मी हयगय करत नाही. सुगतनं घरात ते पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलंय ना, त्यातून वाया जाणारं पाणी बादलीत धरते आणि रोज शेतावर नेते. शेजारचा बसप्पा बांधावर उभा राहून म्हणतो, "बाई, तुमचं झाड लई नखऱ्याचं हाय." त्याच्या बांधावरच्या बाभळीला कुणी पाणी घालत नाही आणि ती माझ्याकडं बघून हसते.

खड्ड्यातली माती डब्यात भरून पाठवतेय. मामांच्या डेपोतले एक जुने कंडक्टर परभणीच्या गाडीवर आहेत, ते आणून देतील. डबा घेताना ते म्हणाले, "नागसेनरावांनी आयुष्यभर लोकांची तिकिटं फाडली, आज ते बिनतिकीट चालले." मी हसले. तू नीट तपास आणि काय ते स्पष्ट कळव.

तुझी,
पुतळा आत्या


परभणी,
३ मार्च २०२४

आत्या,
जयभीम.

तुमचं अक्षर बघून हॉस्टेलच्या मुली म्हणाल्या, हे छापलंय का? मी म्हटलं, आमच्याकडे सगळे असंच लिहितात. खोटं बोलले.

डबा पोचला. माती तपासायला टाकली आहे, पण इथं रांग मोठी असते, वेळ लागेल.

तुम्ही मागे विचारलं होतं की मी नेमकं काय करते, ते आता सांगते, कारण तुमच्या आंब्याशी त्याचा संबंध आहे. शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, आमचे टब आहेत. वर थर्माकोलचा पत्रा, त्याला भोकं, भोकात रोप, आणि मुळं खाली पाण्यात लोंबकळत. पाण्यात रोपाला लागणारी सगळी खतं विरघळवलेली असतात आणि माशांच्या टाकीला असतो तसा हवेचा पंप बुडबुडे सोडत असतो. माती अजिबात नाही. आंबा, करंज, चिंच आणि जांभूळ अशी चार प्रकारची रोपं आहेत. काही टबांत नुसतं खताचं पाणी, काहींत थोडं मीठ, काहींत जास्त. कुठलं रोप किती मिठापर्यंत तग धरतं ते मी बघते. पाटपाण्यानं, बोअरच्या पाण्यानं आपल्या जमिनी खारवत चालल्यात, तिथं उद्या कुठली झाडं लावायची ते यातून ठरेल.

माती का नको, हे तुम्ही विचारणारच. मातीत मीठ कुठं किती आहे ते कळत नाही, एका कोपऱ्यात ढीगभर आणि दुसरीकडे काहीच नाही. पाण्यात ते सगळीकडे सारखं असतं, आणि पत्रा उचलला की मुळं डोळ्यांना दिसतात.

मिठातलं झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं असतं. कैरीला मीठ लावलं की तिचं पाणी सुटतं ना, तसंच मुळांचं होतं. मीठ पाणी धरून ठेवतं, मुळाला ओढता येत नाही. नंतर तेच मीठ वर चढतं आणि पानांच्या टोकाशी साचतं. म्हणून आधी टोकं करपतात. तुम्ही लिहिलेलं वर्णन वाचलं आणि मी उठून माझ्या आंब्याच्या टबाकडे गेले, इतकं ते जुळतं.

तुमच्या त्या मशीनमधून वाया जाणारं पाणी खारट असतं, आत्या. बोअरच्या पाण्यातलं सगळं मीठ गोळा करून ते बाहेर टाकतं. ते आजपासून बंद करा. भांडी घासा त्यानं, पण झाडाला घालू नका. बसप्पाकाकांच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, ते मागा.

आणि नवीन रोप लावायची वेळ आली तर आंब्याऐवजी करंज लावाल का? माझ्या टबांत करंज दांडगा निघालाय. किंवा आंबाच हवा असेल तर खड्डा जरा बाजूला घ्या. नवी जागा, नवी माती. बघा पटतंय का.

तुमची,
चैताली


मुरुम,
२० ऑगस्ट २०२४

चैताली,
जयभीम.

पत्राला उशीर झाला, पण बातमी चांगली आहे. दुसरा आंबा गेला तो मार्चअखेरीस गेलाच, मात्र त्याचं कारण तू शोधून दिलंस, म्हणून मी त्याचं दुःख फार केलं नाही. इतके दिवस आपण काटकसर म्हणून मिरवत होतो आणि झाडाला रोज मीठ पाजत होतो, हे कळल्यावर मी ती बादली पालथी घातली, ती अजून पालथीच आहे. जूनमध्ये तिसरा आंबा लावला. विहिरीचं पाणी बसप्पानं न मागता दिलं. आता तर पावसानं पाणी घालायची वेळच आणली नाही. परवा गेले तर तांबूस पालवी फुटलेली. मी तिथंच धुऱ्यावर बसून डबा खाल्ला.

करंजाचं तुझं काही मला पटलं नाही. त्याची शेंग कडू, पान कडू, त्याला दगड मारून पोरांना काय मिळणार? आणि खड्डा बाजूला घ्या म्हणजे काय? मामा तिथं आहेत आणि झाड दुसरीकडं, तर मग ते झाड कशाचं? तुमच्या पिढीला सगळं सोयीचं लागतं.

दुसरी गोष्ट. आपल्या गल्लीत आता तीन घरांनी राख शेतात टाकून झाडं लावली. बाबूनं आईच्या राखेवर लावलेला कडुनिंब चांगला धरलाय. जयंतीला विहारात मला बोलायला लावलं होतं, तेव्हा मी हेच सांगितलं. नदीत राख टाकून पाणी घाण करायचं आणि त्याला पुण्य म्हणायचं, यापेक्षा एक झाड उभं करा, सावली तरी मिळेल. बायका माना डोलवत होत्या. मागं बसलेली एक हळूच म्हणाली, "बाईंचं सोताचं झाड कुठं जगतंय?" मला कमी ऐकू येतं, पण नेमकं हे ऐकू आलं. आता तिला पालवी दाखवायला न्यायचा विचार आहे.

मातीच्या अहवालाचं काय झालं? रांग अजून हटली नाही का? आता त्याची गरज नाही म्हणा, पण डबा तरी परत दे. चांगला झाकणाचा आहे.

तुझी,
पुतळा आत्या


परभणी,
५ सप्टेंबर २०२४

आत्या,
जयभीम, आणि शिक्षकदिनाच्या शुभेच्छा. आमच्या घरात मला बाराखडी कुणी शिकवली हे मी सरांना आज अभिमानानं सांगितलं.

पालवीची बातमी वाचून बरं वाटलं. पण एक सांगते, राग मानू नका. पाऊस आहे तोवर जमिनीतलं मीठ खाली जातं, पातळ होतं. पाऊस थांबला, ऊन तापलं की पाणी उडून जातं आणि मीठ वर येतं. म्हणून दिवाळीनंतर जास्त जपा. रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या, म्हणजे ते मुळांच्या खाली निघून जाईल. खड्ड्याच्या उताराच्या बाजूनं एक लहान चर काढा, तुंबू देऊ नका.

माझ्याही टबांत हेच बघतेय. मीठ दिल्या दिवशी रोपाला काही होत नाही. पहिले काही दिवस ते इतकं टवटवीत दिसतं की मापात चूक झाली की काय असं वाटावं. नवं पानसुद्धा फुटतं. मग ते पान लहानच राहतं.

एका टबात मी जरा वेगळं पाणी ठेवलंय. त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

खड्डा बाजूला घेण्याचं मी सोयीसाठी म्हटलं नव्हतं. अजून रोप लहान आहे, उचलून लावता येईल. एकदा विचार करा ना.

डबा माझ्याजवळ आहे, सांभाळून ठेवलाय.

तुमची,
चैताली


मुरुम,
१४ डिसेंबर २०२४

चैताली,
जयभीम.

आंबा गेला. तिसराही.

तू सांगितलंस ते सगळं केलं होतं. चर काढला, आठवड्याला विहिरीचं गोडं पाणी दिलं, मशीनच्या पाण्याचा थेंब लागू दिला नाही. दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत टोकं करपली. आज काडी मोडून बघितली तर आत हिरवं काहीच नव्हतं.

एक गोष्ट तुला लिहिते. ती सुगतला सांगितलेली नाही, गल्लीत तर सांगणं शक्यच नाही. तू वाच आणि पत्र फाडून टाक.

मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली बाई. आत्मा नाही, पिंड नाही, मेलेला माणूस कावळ्याच्या रूपानं येत नाही, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं. कुणाच्या अंगात आलं की लोक मला बोलवायला यायचे, बाई या, जरा समजावा. आणि तीच मी दोन वर्षं रात्रंदिवस मनात एकच घोकतेय, की यांना इथं राहायचं नाही.

त्याला कारण आहे. लग्न झाल्यापासून ते उमरग्याच्या डेपोत आणि मी इथं. मुक्कामाच्या गाड्या, दिवाळीच्या जादा गाड्या, यात्रेच्या गाड्या. घरी आले की आधी बॅग टेकवायचे आणि पहिला प्रश्न, उद्या कितीची ड्युटी ते सांगायला कुणी आलं होतं का? मी म्हणायची, एकदा रिटायर व्हा, मग बघते. रिटायर झाले आणि दोन पावसाळे शेतात माझ्याबरोबर बसले, तेवढेच. मला वाटायचं, आता तरी हा माणूस एका जागी बसेल. पहिलं झाड वाळलं तेव्हा हळहळ वाटली. दुसरं वाळलं तेव्हा तू मशीनचं कारण दिलंस आणि मी त्याला लोंबकळले. आता कुठलं कारण देऊ?

सुगत कधीपासून मागं लागलाय, पुण्याला चल. मी म्हणत होते, आंबा धरला की येईन. आता ठरवलंय. जानेवारीत तो गाडी घेऊन येतोय. शेत बसप्पाला बटईनं देते. घराची किल्ली तुझ्या वडिलांकडं राहील. जो माणूस ठेवून घेत नाही त्याच्या दारात किती बसायचं?

तुझ्यावर माझा राग नाही. तू जेवढं कळलं तेवढं सांगितलंस.

तुझी,
पुतळा आत्या


परभणी,
१९ डिसेंबर २०२४

आत्या,
जयभीम.

तुमचं पत्र फाडलं नाही. ते फाडायचा मला हक्क नाही, कारण मला कळलं होतं तेवढं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुमची माती मी डबा आला त्याच दिवशी तपासली होती. रांग वगैरे काही नव्हती. माती पाण्यात कालवून त्यात मीटर बुडवला आणि आकडा बघून मला वाटलं मीटर बिघडला. धुऊन पुन्हा बुडवला. माझ्या सगळ्यात खारट टबापेक्षाही तुमच्या खड्ड्यातली माती खारट होती. रोजच्या बादलीभर पाण्यानं एवढं होत नाही. ते पाणी वाईट होतंच, पण खरं कारण राख आहे, आत्या.

माणसाच्या अंगात मीठ असतं. रक्तात, घामात, हाडांत. जळताना बाकी सगळं धूर होऊन जातं, मीठ जात नाही, ते राखेत उरतं. त्यात सरणाच्या लाकडांची राख मिसळते, ती सोड्यासारखी असते. अशी अख्खी राख एका लहानशा खड्ड्यात, आपल्या काळ्या चिकट जमिनीत, जिथून पाणी लवकर उतरत नाही. त्यात आंबा, ज्याला मीठ सगळ्यात आधी बाधतं. दुसऱ्या वेळी तुम्ही कळशीतली राख टाकलीत तेव्हा ते दुप्पट झालं. बाबूकाकांच्या आईचा कडुनिंब तगला, कारण कडुनिंब हे सोसतो.

ही गोष्ट फक्त मामांची नाही. कुणाच्याही राखेचं असंच होतं. माझी टाकली तरी तो आंबा मरेल.

सप्टेंबरमध्ये ज्या टबाबद्दल लिहायचं टाळलं तो हाच. डब्यातली माती पाण्यात खळबळून, गाळून, ते पाणी मी एका टबात घातलं आणि त्यात आंब्याचं एक रोप लावलं. तुम्हाला न विचारता लावलं. शेजारच्या टबात साधं खताचं पाणी होतं. आठवडाभर दोन्ही रोपं सारखी होती. मग मामांच्या पाण्यातल्या रोपाची पांढरी मुळं तपकिरी पडली, आणि तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच, टोकापासून. ते रोप मी उचलून साध्या पाण्यात ठेवलं. तीन पानं गळाली, पण खालून नवं मूळ फुटलं. ते अजून जिवंत आहे. सर म्हणाले, प्रयोगात नसलेलं रोप टाकून दे. मी खिडकीत ठेवलंय.

का सांगितलं नाही, तर त्या दिवशी खड्ड्याशी तुम्ही राख टाकताना मी तुमच्या हातांकडे बघत होते. टाकून झाल्यावरही तुम्ही बराच वेळ हात झटकले नव्हते. त्या बाईला कसं सांगायचं, की तुमच्या माणसाच्या राखेनं झाड मरतंय? म्हणून मशीनचं कारण पुढं केलं, करंज सुचवला, खड्डा बाजूला घ्या म्हटलं. वाटलं, न सांगताच काम होईल. तुम्ही मनात काय धरून बसलाय हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पहिल्याच पत्रात लिहिलं असतं. तिसरा आंबा माझ्या भित्रेपणामुळे गेला.

मामा तुम्हाला नको म्हणत नाहीत. ते काहीच म्हणत नाहीत. तिथं फक्त मीठ आहे.

तुमची,
चैताली


मुरुम,
२६ जानेवारी २०२५

चैताली,
जयभीम.

झेंडावंदन करून आले आणि लिहायला बसले. महिनाभर तुला ताटकळत ठेवलं ते मुद्दाम ठेवलं. शाळेत असतीस तर बाकावर उभी केली असती.

पत्र वाचून आधी भयंकर राग आला. राखेचा नाही, तुझा. मी हे सोसू शकणार नाही असं तू परस्पर ठरवलंस. ज्या बाईनं स्वतःच्या हातानं नवऱ्याची राख मातीत कालवली तिला मीठ म्हणजे काय ते सांगायला तू कचरलीस आणि दहा महिने घालवलेस. दहा महिन्यांत मी मनातल्या मनात त्या माणसाशी काय काय भांडले असेन, तुला कल्पना आहे का? मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून सगळी भांडणं मीच जिंकली आणि जिंकून रडत बसले.

राग ओसरल्यावर शेतावर गेले. खड्ड्याशी उभी राहिले आणि मला हसू फुटलं. बसप्पा पलीकडून धावत आला, त्याला वाटलं बाईला काही झालं. मी म्हटलं, काही नाही रे, मीठ जास्त झालं होतं. तो म्हणाला, "कशात, कालवणात व्हय?" मी म्हटलं, हो, कालवणात.

खरं सांगते चैताली, छातीवरचा धोंडा उतरला. ते मला नको म्हणत नव्हते, एवढंच मला हवं होतं. मिठाशी मी भांडू शकते.

सुगत ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. बॅगा भरलेल्या होत्या, त्या मी त्याच्यासमोर उपसल्या. बिचारा कॉटवर बसून म्हणाला, "आई, झाड मेलं म्हणून येणार होतीस. आता झाड का मेलं ते कळलं म्हणून राहतेस. मला यातलं काही कळत नाही." मी त्याला जेवायला घातलं आणि तुरीच्या शेंगांचं पोतं देऊन परत पाठवलं. उन्हाळ्यात महिनाभर येईन असं कबूल केलंय, नाहीतर तो तुझ्यावर चिडेल.

मग बाबूच्या घरी आणि बाकीच्या दोन घरी जाऊन आले. विहारात मोठ्या तोंडानं सांगितलं होतं ते अर्धंच होतं, पुरतं आज ऐका म्हटलं. राख एका जागी ओतायची नाही, पसरायची, आणि झाड लांब लावायचं. त्या मागं बसणाऱ्या बाईच्या घरीही गेले. ती म्हणाली, "बाई, तुमी आलाव हेच लई झालं."

आता मला विचारायचंय ते विचारते. स्पष्ट उत्तर दे, लपवाछपवी नको. राख त्या खड्ड्यातून काढून सगळ्या शेतात पसरली तर काय होईल? आणि नाही काढली, तर ते मीठ कधी जाईल?

तुझी,
पुतळा आत्या


परभणी,
४ फेब्रुवारी २०२५

आत्या,
जयभीम. बाकावर उभी आहे असंच समजा.

स्पष्ट लिहिते. राख काढून सगळ्या शेतात पातळ पसरली तर काहीच बिघडणार नाही, एखाद्या वर्षात ती तिथं होती हेही कळणार नाही. नाही काढली, तर तो खड्डा पावसागणिक थोडा थोडा धुतला जाईल. चर आहेच. किती वर्षं लागतील ते मला सांगता येणार नाही, पाऊस कसा पडतो त्यावर आहे. बरीच लागतील.

राख तिथंच ठेवून आंबाच लावायचा असेल तर तो चढाच्या बाजूला, दहा-बारा हात दूर लावा, म्हणजे खारं पाणी त्याच्याकडे येणार नाही. आंब्याची मुळं लांब पळतात. झाड मोठं झालं की ती तिथवर जातील, आणि तोवर मातीही बरी झालेली असेल.

खिडकीतलं रोप जूनमध्ये घेऊन येते. आधी तुम्हाला विचारते, ते चालेल का?

तुमची,
चैताली


मुरुम,
१२ ऑक्टोबर २०२५

चैताली,
जयभीम.

तू लावून गेलेला तुझ्या खिडकीतला आंबा माझ्या कमरेपर्यंत आलाय. पाऊस यंदा इतका झाला की बसप्पाचं सोयाबीन कुजलं, आपलीही तूर पिवळी पडली. पण आंब्याजवळ पाणी साचलं नाही. तू उंचावर लावलास ते बरं झालं. एक पान चिमटीत धरून टोक बघते, रोज. हिरवं आहे.

राख मी काढली नाही, हे तू बघितलंसच. का, ते तेव्हा तू विचारलं नाहीस आणि मीही बोलले नाही. सगळ्या शेतात पसरली असती तर शास्त्राप्रमाणे उत्तमच होतं. पण इतक्या वर्षांनी माणूस एका जागी बसलाय, त्याला पुन्हा गावभर फिरवायला माझं मन झालं नाही. बसप्पानं विचारलं, "बाई, साहेब हिकडं आन् झाड तिकडं, असं का?" मी म्हटलं, आमचा संसार असाच होता. ते उमरग्याला, मी मुरुमला, आणि तरी झाला.

आता तुला एक काम लावते. ते सुगतला सांगून उपयोग नाही. माझ्या वेळी तो रडत बसेल आणि मायेपोटी सगळी राख एकाच खड्ड्यात ओतून मोकळा होईल. मी त्याला सांगून ठेवलंय, चैताली म्हणेल तसं करायचं.

माझी राख आंब्याच्या या अंगाला टाक, मामा आहेत त्याच्या उलट्या बाजूला. ती चढाची बाजू आहे, तिथून पाणी झाडाकडं उतरतं, म्हणून जास्त लांब टाक. एका जागी ओतू नकोस, पातळ पसर. आणि चर काढ, मीठ झाडाकडं येऊ देऊ नकोस. नेमकं किती दूर ते तू तुझ्या मापानं ठरव. त्या दिवशी रडू नकोस, माप चुकेल.

मुळं आधी कुणाकडं पोचतात ते बघायला मी नसेन. आत्मा न मानणारी बाई मुळांची वाट बघते म्हणून तू हसशील, तर हस. मी दुसऱ्या कशाचीही वाट बघत नाही. ती मामांपर्यंत पोचतील, माझ्यापर्यंत पोचतील, मग मधे झाड एकच असेल. एवढं जवळ आम्ही कधीच राहिलो नव्हतो.

तुझी,
पुतळा आत्या